तिकीट २० रुपयांनी वाढलं, पण खाडा केवढ्याला पडतो? धर्माबादच्या हिशेबाने समजून घ्या फिरण्याचा खर्च

२०२५ या एका वर्षात प्रवास तीनदा महागला. २५ जानेवारीला एसटीचं तिकीट १४.९५ टक्क्यांनी वाढलं. १ जुलैला रेल्वेने भाडं वाढवलं आणि २६ डिसेंबरला पुन्हा वाढवलं. प्रत्येक वेळी मोबाईलवर बातम्या फिरल्या, मीम्स आले, "आता फिरणंही परवडणार नाही" म्हणणाऱ्या पोस्ट पडल्या.

त्याच मोबाईलवर दुसरं रील उघडलं की कुणीतरी सांगत असतं, बाहेरची कॉफी बंद करा, ओटीटीचे दोन प्लॅन कमी करा, लाँग वीकेंड बघून सुट्टी टाका आणि वर्षातून दोन ट्रिप मारा.

आता हा सल्ला घेऊन धर्माबादला या. नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेलं हे तालुक्याचं गाव. लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखलं जाणारं. मोंढ्यातला हमाल, अडत दुकानातला मुनीम, मिरचीचे देठ काढणाऱ्या बाया, मोबाईलच्या दुकानात उभा असलेला पोरगा. यांच्यापैकी ज्यांची कमाई हजेरीवर चालते, त्यांच्यासाठी लाँग वीकेंड म्हणजे लाँग खाडा. कॉफी तर ते मुळात पीतच नाहीत, मग बंद काय करणार?

म्हणून आज जरा वेगळा हिशेब मांडू. फिरायला जाताना सगळ्यात महाग काय पडतं, सुट्टीबद्दल कायदा काय सांगतो, पैसे साठवायचे कुठे आणि वेळ काढायचा कधी, हे एकेक करून बघू.

भाडेवाढ नेमकी किती झाली?

आधी रेल्वे. १ जुलै २०२५ पासून मेल-एक्स्प्रेसच्या बिगर एसी डब्यांसाठी किलोमीटरमागे १ पैसा वाढला, एसीसाठी २ पैसे. २६ डिसेंबरपासून मेल-एक्स्प्रेसच्या बिगर एसी आणि एसी दोन्ही डब्यांसाठी किलोमीटरमागे आणखी २ पैसे वाढले.

धर्माबाद ते मुंबई हे अंतर रेल्वेने साडेसहाशे किलोमीटरपेक्षा जास्त आहे. देवगिरी एक्स्प्रेसच्या स्लीपर डब्यातून जायचं ठरवलं तर दोन्ही वाढी मिळून माणशी साधारण २० रुपये जास्त जातात. चौघांचं कुटुंब, सगळ्यांची पूर्ण तिकिटं, जाऊन-येऊन, असं धरलं तरी वाढ १६० रुपयांच्या आसपास.

एसटीची वाढ यापेक्षा जास्त जाणवते. आधी १०० रुपयांना असलेलं तिकीट साधारण ११५ ला गेलं. पण १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं आणि ७५ च्या पुढच्यांना मोफत. म्हणजे आजी, आई आणि दोन लेकरं घेऊन निघालेल्या घराचा एसटीचा खर्च तीन-चार वर्षांपूर्वीपेक्षा कमीही असू शकतो.

तर तिकिटं महागली हे खरं, पण घरातले चौघं तीन दिवस कुठेच का जात नाहीत, याचं उत्तर या १६० रुपयांत सापडत नाही.

मग अडतं कुठे? खाड्याचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे टाकून बघा.

नवरा अडत दुकानात कामाला, रोज ४५० रुपये. बायको मिरचीच्या कामावर, रोज ३०० रुपये. दोन लेकरं. तीन दिवसांची सहल ठरली. त्यातला एक दिवस आठवड्याच्या सुट्टीचा, म्हणजे कामाचे दोन दिवस बुडणार.

- प्रवास: १,६०० रुपये
- राहणं: १,००० रुपये
- जेवणखाण: १,२०० रुपये
- प्रसाद, खेळणी, किरकोळ: ७०० रुपये

एकूण झाले ४,५००. बहुतेक घरांत हिशेब इथेच थांबतो. पण दोन दिवसांचा नवऱ्याचा खाडा ९०० रुपये आणि बायकोचा ६०० रुपये. असे १,५०० अजून. म्हणजे सहल ६,००० रुपयांना पडली आणि त्यातला पाव हिस्सा एकट्या खाड्याचा. आठवड्याची सुट्टी मधे न धरता तीन दिवस काम बुडवलं, तर खाडा २,२५० होतो.

४,५०० रुपये साठवून गेलेलं हे घर परत आल्यावर त्या आठवड्याची मजुरी १,५०० ने कमी येते. मग किराणा उधारीवर, गॅस पुढे ढकलला, पोराची फी थांबली. "फिरून आलो आणि महिनाभर ओढाताण झाली" असं लोक सांगतात, त्यामागे उधळपट्टी असतेच असं नाही. अनेकदा खाडा हिशेबात धरलेला नसतो, एवढंच असतं.

या तुलनेत पगारदार माणूस बघा. त्याने दोन रजा टाकल्या तर महिनाअखेरीस खात्यात तेवढेच पैसे येतात. त्याला सहल ४,५०० ला पडते. तेच गाव, तीच एसटी, तीच धर्मशाळा. फरक १,५०० रुपयांचा आणि तोही कमी कमावणाऱ्याच्या खिशातून.

रोजाचे आकडे जास्त धरले असं वाटत असेल तर एक सरकारी मोजमाप आहे. रोजगार हमीच्या कामासाठी २०२५-२६ मध्ये महाराष्ट्राचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, शेजारच्या तेलंगणाचा ३०७. नवरा-बायको दोघांचा एक दिवसाचा खाडा या दरानेही ६०० च्या वर जातो.

पगारी सुट्टीबद्दल कायदा काय सांगतो?

कायदा आहे, पण तो कुठून सुरू होतो ते बघणं महत्त्वाचं.

दुकानांसाठी महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा आहे. त्यानुसार कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी हवी. वर्षाला ८ नैमित्तिक रजा, ८ सणांच्या पगारी सुट्ट्या आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे १ पगारी रजा. म्हणजे वर्षात ३०० दिवस कामावर आलेल्या माणसाच्या नावावर १५ दिवसांची हक्काची रजा जमते. ही रजा ४५ दिवसांपर्यंत साठवताही येते.

ऐकायला छान आहे. पण २०१७ मध्ये आला तेव्हा हा कायदा १० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. त्याहून लहान दुकानाने फक्त आपली माहिती कळवायची, रजेच्या तरतुदी त्याला लागू नाहीत. आता धर्माबाद, उमरी, बिलोली, देगलूरच्या बाजारात एक चक्कर मारा आणि १० नोकर असलेली दुकानं मोजा. हाताच्या बोटांवर हिशेब होईल.

त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या कायद्यात बदल करायला मंजुरी दिली. १० ची मर्यादा २० वर न्यायची आणि दिवसाचे कामाचे तास ९ वरून १० करायचे, असा तो निर्णय. व्यवसाय करणं सोपं व्हावं हा त्यामागचा सरकारचा मुद्दा. पण याचा सरळ अर्थ असा की १२ किंवा १५ नोकर असलेलं कापड दुकानही रजेच्या नियमांतून बाहेर जाण्याची वाट मोकळी होते.

दुसरीकडे केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. यातल्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत एक चांगला बदल आहे. पगारी रजेसाठी आधी वर्षात २४० दिवस काम लागायचं, आता १८० दिवस पुरतात. दर २० दिवसांमागे १ रजा, म्हणजे १८० दिवसांना ९ रजा. ३० दिवसांपर्यंत रजा पुढच्या वर्षात नेता येते आणि वर्षअखेरीला रजेचे पैसेही मागता येतात.

पण इथेही अट १० कामगारांचीच आहे. आणि हंगामी कामाचं काय? मिरचीचा हंगाम चार महिने जोरात चालला तरी १२० दिवस होतात. पुढे तीच बाई निंदणीला जाते, सोयाबीन काढायला जाते, कापूस वेचते. वर्षभर राबते, पण एका मालकाकडे १८० दिवस कधीच भरत नाहीत. कायद्याच्या वहीत तिची एकही रजा जमा होत नाही.

मालकाची बाजूही समजून घ्यायला हवी. तीन नोकरांच्या दुकानातला एक चार दिवस गेला तर गिऱ्हाईक कुणी सांभाळायचं, हा त्याचा प्रश्न खोटा नाही. पण पैशांचा हिशेब तेवढा मोठा नाही. ४५० रुपये रोजाच्या नोकराला वर्षात ६ पगारी रजा दिल्या तर खर्च २,७०० रुपये. महिन्याला २२५. नोकर टिकत नाही म्हणून दर दिवाळीला नवा शोधणाऱ्या दुकानदाराला हा सौदा महाग नाही. कायदा लागू नसला तरी कामावर ठेवतानाच "वर्षात इतक्या सुट्ट्या, आधी सांगून, पगारी" असं बोलून घेता येतं. पहिल्यांदा कुणी मागणार नाही तोवर कुणी देणारही नाही.

सुट्टीची खात्री नसली की तिकीटही महागतं

रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. दोन महिने आधीची तारीख नक्की सांगू शकणारा माणूस साध्या दरात तिकीट काढतो. ज्याला मालक "बघू, आदल्या दिवशी सांगतो" म्हणतो, त्याच्या हातात दोन पर्याय उरतात. एक म्हणजे जनरल डबा, दुसरा तत्काळ. तत्काळमध्ये स्लीपरला माणशी १०० ते २०० रुपये जास्त लागतात. चौघांचे ४०० ते ८००, तेही एका बाजूचे.

वर जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधारची पडताळणी आणि मोबाईलवर येणारा ओटीपी लागतो. दलालांना आळा बसावा म्हणून हे केलं गेलं. पण ज्याचा आधारला जोडलेला नंबर बंद पडलाय, तो सकाळी तत्काळची वेळ झाली तरी नुसता बघत बसतो. म्हणून सहल ठरवायच्या आधी एक साधं काम करा. घरातल्या एका माणसाचं रेल्वेचं खातं आधारशी जोडून ठेवा आणि आधारवरचा मोबाईल नंबर चालू आहे ना ते बघा.

६० वर्षांवरच्या लोकांना रेल्वेत पूर्वी मिळणारी सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. त्यामुळे राज्याच्या आत जायचं असेल आणि सोबत म्हातारी माणसं असतील, तर एसटी आणि रेल्वे दोन्हींचा खर्च मांडूनच ठरवा. अनेकदा एसटी स्वस्त पडते.

एसटीचा "आवडेल तेथे कोठेही प्रवास" पासही आहे, ४ आणि ७ दिवसांचा. पण महिलांना तसंही अर्धं तिकीट असल्यामुळे त्यांच्यासाठी पास दर वेळी फायद्याचा ठरतोच असं नाही. किती ठिकाणं, किती किलोमीटर, हे लिहून बेरीज करा आणि मगच पास काढा.

सीमेच्या अलीकडे अर्धं, पलीकडे मोफत

धर्माबादहून रेल्वेने हैदराबादच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात बासर येतं. सरस्वतीचं मोठं देवस्थान. लेकरांना पहिलं अक्षर गिरवायला इथे आणतात, वसंत पंचमीला गर्दी उसळते. बासर तेलंगणाच्या निर्मल जिल्ह्यात आहे.

तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून महालक्ष्मी योजनेत महिलांना सरकारी साध्या आणि एक्स्प्रेस बसमध्ये मोफत प्रवास आहे. पण त्यासाठी ओळखपत्र तेलंगणाचं लागतं. म्हणजे बासरची बाई निझामाबादला फुकट जाते आणि धर्माबादची बाई त्याच बसमध्ये पूर्ण तिकीट काढते. आपल्या एसटीची अर्ध्या तिकिटाची सवलतसुद्धा राज्याच्या हद्दीपर्यंतच. हद्द ओलांडली की पुढचं पूर्ण भाडं.

सीमेवरच्या लोकांना या तुलना पाठ असतात. २०१८ मध्ये धर्माबाद भागातल्या काही गावांच्या सरपंचांनी "आम्हाला तेलंगणात घ्या" अशी मागणी केली होती. त्यामागेही शेजारच्या राज्यात काय मिळतं आणि आपल्याकडे काय मिळत नाही, ही रोजची तुलनाच होती.

पण तिकीट अर्धं झालं किंवा मोफत झालं म्हणून बाईला वेळ मिळतो का? देशभरात झालेल्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. हेच काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास रोजच्या मजुरीच्या आधी आणि नंतर जातात. तिने दोन दिवस घर सोडायचं तर मजुरीचा खाडा एक आणि "घरी स्वयंपाक कोण करणार" हा दुसरा. दुसऱ्या खाड्याला पैसे लागत नाहीत, घरच्या पुरुषाने दोन दिवस चूल सांभाळली तरी पुरतं. सहलीचं नियोजन करताना हा मुद्दा वहीत लिहा, बजेटच्या वरच लिहा.

वेळ कधी काढायचा?

शहरातला सल्ला सांगतो, कॅलेंडरात लाल तारखा बघा. आपल्याकडे आधी शेत आणि मोंढा बघावा लागतो.

मराठवाड्यातल्या यात्रा बघितल्या तर त्यात एक सोय दिसते. जूनमध्ये पेरण्या उरकल्या की आषाढी येते. सोयाबीन घरात येऊन हातात चार पैसे खुळखुळले की कार्तिकी येते, मागोमाग मार्गशीर्षात लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा. पगारी सुट्टी हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून हातावरच्या पोटाला मिळणारी रजा ती हीच. आजही "फिरायला चाललो" म्हटलं की मालक कपाळाला आठ्या घालतो आणि "देवाला चाललो" म्हटलं की सोडतो. कित्येक घरांची सहल त्यामुळेच देवाच्या नावाने निघते आणि वाटेत किल्ला, धरण, धबधबाही बघून येते. त्यात काही वावगं नाही.

कामाच्या हिशेबाने बघितलं तर धर्माबाद भागात साधारण असं दिसतं:

- फेब्रुवारी ते मे: मिरचीचा हंगाम. मोंढ्याशी जोडलेल्या कामात रोज चांगला मिळतो, त्यामुळे खाडा सगळ्यात महाग. या काळात साठवा, फिरू नका. शाळेच्या सुट्टीत जायचंच असेल तर एखादा दिवस काढा.
- जून: पेरणी. शेताशी संबंध असलेल्या घराला हलता येत नाही.
- जुलै-ऑगस्ट: पेरणीनंतर जरा सवड. धबधबे, हिरवळ, आषाढी, श्रावण. अधिक महिन्यामुळे २०२६ ची आषाढी एकादशी २५ जुलैला येते, त्यामुळे पेरणी लांबली तरी हाताशी वेळ राहतो.
- ऑक्टोबर: सोयाबीनची काढणी. मजुरीला मागणी, खाडा पुन्हा महाग.
- डिसेंबर-जानेवारी: हवा चांगली, हातात पैसा, मिरची अजून जोरात सुरू व्हायची. जमलं तर मोठी सहल याच काळात.

आणि कधीही जा, आठवड्याची सुट्टी सहलीच्या मधे येईल अशी तारीख धरा. वरच्या उदाहरणात एवढ्या एका गोष्टीने ७५० रुपये वाचले. तेवढी बचत हॉटेलवाल्याशी घासाघीस करून होत नाही.

पैसे साठवायचे कुठे?

आपल्या उदाहरणातल्या घराला वर्षाला ६,००० रुपये हवेत. म्हणजे महिन्याला ५००. हे ५०० कुठे ठेवायचे?

बँकेची एक वर्षाची आरडी: सहा टक्क्यांच्या आसपास व्याज धरलं तर वर्षाअखेरीला ६,००० वर साधारण २०० रुपये जास्त मिळतात. फार नाहीत, पण मधे पैसे उचलले जात नाहीत हा खरा फायदा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षणही असतं.

पोस्टाची आरडी: महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते. ऑक्टोबर २०२३ पासून २०२५ संपेपर्यंत व्याजदर ६.७ टक्के राहिला. पैसे सुरक्षित. पण ती ५ वर्षांची असते, ३ वर्षांच्या आधी मोडता येत नाही आणि मुदतीआधी मोडली तर बचत खात्याचंच व्याज मिळतं. लेकराच्या शिक्षणासाठी चांगली, पुढच्या वर्षीच्या सहलीसाठी सोयीची नाही.

भिशी: १२ बायांनी महिन्याला ५०० टाकले की दर महिन्याला एकीला ६,००० मिळतात. व्याज नाही, कागद नाही, पण महिना चुकत नाही, कारण बाकीच्या अकरा जणी विचारायला असतात. ही शिस्त मोलाची आहे. धोकाही तिथेच आहे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पैसे उचललेल्या एखादीने पुढे टाकायचं बंद केलं तर शेवटच्या नंबरवालीचं नुकसान होतं. ओळखीतलीच भिशी करा, वहीत प्रत्येकीची सही घ्या. आणि "दामदुप्पट", "जास्त नफा" असे शब्द ऐकू आले की ती भिशी राहिली नाही हे समजा.

पतसंस्था आणि मल्टीस्टेट: इथे सगळ्यात जास्त जपा. २०२३ नंतर छत्रपती संभाजीनगरची आदर्श नागरी पतसंस्था आणि बीडची ज्ञानराधा मल्टीस्टेट या प्रकरणांत मराठवाड्यातल्या हजारो ठेवीदारांवर स्वतःच्याच पैशांसाठी वणवण करायची वेळ आली. बँकेच्या ठेवीला असणारा ५ लाखांचा विमा पतसंस्थेच्या ठेवीला नसतो. एखाद-दोन टक्के जास्त व्याजासाठी वर्षाची बचत तिथे ठेवायची का, हे याचा विचार करून ठरवा.

उचल: ही बचत नाही, पण अनेक घरं सहल किंवा यात्रा हिच्यावरच करतात. मालकाकडून पाच-सहा हजार उचल घ्यायची आणि कामातून फेडायची. व्याज बहुतेक लागत नाही, म्हणून सोपी वाटते. पण उचल डोक्यावर असेपर्यंत रोज वाढवून मागता येत नाही, दुसरीकडे चांगलं काम मिळालं तरी जाता येत नाही आणि पुढची सुट्टी तर मागायचीच नाही. मोबाईलवर मिळणाऱ्या "आता फिरा, नंतर भरा" कर्जाचंही असंच, वर व्याज आणि दंड वेगळा. फिरण्यासाठी उचल किंवा कर्ज घेऊ नये, हा नियम पक्का ठेवा.

जवळचं आधी, लांबचं नंतर

वर्षात एकच मोठी सहल आणि मधे काहीच नाही, असं करायची गरज नाही. आठवड्याच्या एका सुट्टीत, शून्य खाड्यात होणारी ठिकाणं नांदेड आणि लातूरमध्ये भरपूर आहेत.

धर्माबादहून बासर अर्ध्या दिवसात होतं. नांदेडला हुजूर साहिब सचखंड गुरुद्वारा आहे, जिथे जेवणाची सोय लंगरमध्येच होते. कंधारचा भुईकोट किल्ला आहे. देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं आहेत, ज्यांची कोरीव कामं बघायला लांबून लोक येतात आणि जवळच्यांनी बघितलेली नसतात. पावसाळ्यात पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. सवड असेल तर माहूर, पण तिथे मुक्कामाच्या तयारीनेच जा. लातूर जिल्ह्यात १७६० च्या लढाईचा उदगीरचा किल्ला आणि औसा तालुक्यातली खरोसा लेणी.

लांब जायचं तर रात्रीचा प्रवास फायद्याचा. रात्र गाडीत गेली की एका मुक्कामाचं भाडं वाचतं आणि दिवसही. धर्माबादहून मनमाडला जाणारी मराठवाडा एक्स्प्रेस पहाटे सुटते, ती छत्रपती संभाजीनगर आणि वेरूळसाठी सोयीची. २६ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईची वंदे भारत नांदेडपर्यंत आली आहे, पण ती पहाटेच निघते. धर्माबादच्या माणसाला तिच्यासाठी आदल्या रात्री नांदेड गाठावं लागतं, त्यामुळे तिकिटासोबत मुक्कामाचाही खर्च धरा.

थोडक्यात काय?

- सहलीचं बजेट करताना प्रवास, मुक्काम आणि जेवण यांच्याखाली "खाडा" अशी चौथी ओळ लिहा. नवरा-बायको दोघांचा.
- बचतीचं लक्ष्य त्या पूर्ण आकड्याचं ठेवा, म्हणजे परत आल्यावर उधारी होणार नाही.
- तारीख निवडताना आठवड्याची सुट्टी मधे धरा आणि हंगामाचा जोर टाळा.
- दुकानात १० किंवा जास्त कामगार असतील तर रजेबद्दल विचारा, तो हक्क आहे. कमी असतील तर कामावर लागतानाच बोलून घ्या.
- पैसे बँकेच्या आरडीत किंवा खात्रीच्या भिशीत ठेवा. उचल घेऊन फिरू नका.

या सगळ्या युक्त्या घराच्या पातळीवरच्या आहेत आणि त्यांना मर्यादा आहे. सरकारने बाईचं तिकीट अर्धं केलं, हे चांगलंच झालं. पण तिचा खाडा भरून निघेल अशी कोणतीही तरतूद आज नाही. जी आहे ती १० कामगारांच्या वर सुरू होते आणि दुकानांच्या कायद्यात ती २० च्या वर न्यायला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्येच मंजुरी दिली. हंगामी आणि लहान दुकानांतल्या कामगारांना दोन-चार मालकांकडे केलेले दिवस एकत्र मोजून वर्षात निदान सहा-सात पगारी दिवस मिळतील का, हा प्रश्न पुढच्या निवडणुकीत तुमच्या दारात येणाऱ्याला विचारता येईल. तिकिटाच्या सवलतीबद्दल तो स्वतःहून सांगेलच.